तत्त्वज्ञान किती टक्के आलं?

आमच्या तत्त्वज्ञान विभागाच्या फाइलमध्ये एक वाक्य आहे. ‘सीओ ३ : विद्यार्थी ज्ञानविषयक प्रमुख सिद्धांतांचे चिकित्सक मूल्यमापन करू शकेल.’ त्यापुढच्या रकान्यात आकडा आहे, २.३७. कमाल तीन असते, म्हणजे तसं बरंच झालं म्हणायचं.

हा आकडा येतो कुठून ते आधी सांगते. बाहेरच्यांना ते माहीत नसतं आणि आतल्यांना त्यावर बोलायचा कंटाळा आलेला असतो. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी सीओला, म्हणजे कोर्स आउटकमला, बांधायचा. त्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त मार्क किती मुलांना पडले ते मोजायचं. ७० टक्के मुलांना पडले तर पातळी ३, ६० टक्क्यांना पडले तर २, ५० टक्क्यांना पडले तर १. हे उंबरठे ज्याने त्याने आपापले ठरवायचे असतात, आमचे असे आहेत. इंटर्नलला पातळी ३ आली, विद्यापीठाच्या पेपरला २. इंटर्नलचं वजन ३० टक्के, विद्यापीठाचं ७०. झाले २.३. याला म्हणायचं डायरेक्ट. मग सत्र संपताना मुलांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा, अमुक गोष्ट तुला जमते असं तुला वाटतं का. त्याची सरासरी आली २.६५. हे इनडायरेक्ट. पहिल्याचे ८० टक्के, दुसऱ्याचे २०. १.८४ अधिक ०.५३. आले २.३७. पुढे हाच आकडा सीओ-पीओच्या (पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम, अख्ख्या पदवीचा) तक्त्यात जाऊन आणखी गुणला-भागला जातो, पण तिकडे आज नको जायला.

गणितात कुठेही चूक नाही. फक्त हे गणित कशाचं आहे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ही पद्धत मुळात आमच्या विषयासाठी निघालेलीच नव्हती. अभियांत्रिकीच्या पदव्यांना परदेशात मान्यता हवी, तर विद्यार्थी काय शिकला यापेक्षा त्याला शेवटी काय करता येतं ते दाखवा, असा तिथला आग्रह. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे अशा पदव्या परस्परांत मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायमचा सदस्य झाला आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत सीओ-पीओचे तक्ते घरोघरी झाले. पूल बांधणाऱ्याला भार काढता येतो की नाही, हा प्रश्न रास्तच आहे. तिथून ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, दुसऱ्या निकषात आले, २.६ मध्ये आउटकम लिहिलेत का आणि ते किती साध्य झाले, हे दोन्ही विचारलं जातं. मग यूजीसीने आउटकमवर आधारलेले अभ्यासक्रमाचे आराखडे विषयवार काढले, त्यात तत्त्वज्ञानाचाही आला. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) अशा सगळ्या कप्प्यांत प्रत्येक दोन क्रेडिटला चार-पाच सीओ लिहावे लागतात. ते लिहायचे तर बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाची शिकण्याच्या पायऱ्यांची शिडी समोर ठेवायची. १९५६ ची ती शिडी २००१ मध्ये नव्याने मांडली गेली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. आणि कार्यशाळेत सांगतात की ‘समजेल’ असं लिहू नका, समजलेलं दिसत नाही. ‘स्पष्ट करेल’, ‘तुलना करेल’ असं दिसणारं काहीतरी लिहा.

आमच्या विषयाच्या माणसाला इथे खरं तर हसू यायला हवं, कारण हा वाद आमच्याच घरातला आहे. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने अभ्यासक्रमाची उद्दिष्टं विद्यार्थ्याच्या वागण्यात दिसतील अशीच लिहावीत, हा विचार पक्का केला तो १९४९ साली. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये गिल्बर्ट राइल हा तत्त्वज्ञ सांगत होता की बुद्धी ही डोक्याच्या आत दडून बसलेली वस्तू नव्हे, ती कृतीत असते. म्हणजे राइल टायलरच्याच बाजूचा? अर्ध्यापर्यंत. राइलचा पुढचा मुद्दा कार्यशाळेत कुणी सांगत नाही. एखाद्याला बुद्धिबळ येतं हे त्याच्या एका चालीवरून ठरत नाही. ती चाल पाठ केलेली असू शकते, चुकून पडलेली असू शकते. येणं म्हणजे पूर्वी न पाहिलेल्या डावातही काय करायचं ते सुचणं. ‘दिसणारं लिहा’ हे मला मान्य आहे. पण दाखवायला लावायचं तर निदान नवा डाव तरी मांडा. आमच्या प्रश्नपत्रिकेत डाव तोच असतो, चालीही त्याच, आणि त्या कुठल्या गाइडच्या कितव्या पानावर आहेत हे झेरॉक्सवाल्यालासुद्धा माहीत असतं.

कॅप सेंटरला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपरतपासणी केंद्रावर, मॉडरेशनला (तपासलेले पेपर पुन्हा बघायला) बसले असताना हाती आलेला एक पेपर मी विसरू शकत नाही. प्रश्न नेहमीचा: अनुमानाचे पंचावयव सोदाहरण स्पष्ट करा, गुण १०. मॉडेल आन्सरही नेहमीचं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, प्रत्येकी दोन. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. पहिला पेपर याच क्रमाने, ठळक शीर्षकं देऊन, खाली दोन रेघा मारून लिहिलेला. दहापैकी नऊ. पुढचा पेपर घेतला. अक्षर वाईट. प्रतिज्ञा आणि हेतू बरोबर, उदाहरणापर्यंत आलं आणि मग अचानक गाडी रुळावरून उतरली. ‘पण आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरावर रोज धूर दिसतो आणि आग कधीच नसते. ते ढग असतात. लांबून बघणाऱ्याला कळत नाही धूर का ढग. मग हेतू दिसला हे नक्की कधी म्हणायचं. आधी आग आहे हे माहीत असेल तरच हा धूर आहे असं म्हणता येईल, आणि आग माहीत असेल तर अनुमान कशाला.’ एवढं लिहून बहुधा वेळ संपला. उपनय नाही, निगमन नाही. तपासणाऱ्याने दहापैकी चार दिले होते, आणि मॉडेल आन्सर धरलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या पोराने (की पोरीने, बारकोड लावलेल्या पेपरवर नाव कुठलं) जे लिहिलं ते न्यायदर्शनाचं, म्हणजे अनुमानाचा हा सगळा सांगाडा जिथून आला त्या परंपरेचं, सगळ्यात दुखरं ठिकाण आहे. लांबून वाफ किंवा धुकं धूर वाटलं तर काय, हा आक्षेप परंपरेत आहे, त्याला उत्तरंही आहेत. व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ हा नियम, मुळात कळते तरी कशी, हा चार्वाकांचा हल्ला त्याच रस्त्याने येतो. या मुलापर्यंत चार्वाक पोहोचलेले दिसत नव्हते, पोहोचले असते तर नाव टाकलं असतं. मार्क मिळतात नावाला. तो घाटातल्या पावसातून एकटाच तिथवर गेला होता. मी चाराचे सहा केले. त्यापुढे जायला मॉडेल आन्सरमध्ये जागा नव्हती. आणि आता गंमत बघा: हे दोन्ही पेपर एकाच सीओच्या खात्यात जमा झाले, नऊवाला आणि सहावाला, दोघेही ‘निम्म्याहून जास्त’. आउटकम साध्य.

हे ऐकलं की आमच्यातले ज्येष्ठ लगेच म्हणतात, बघा, आपला विषय मोजता येतच नाही, हे सगळं थोतांड आहे. मला ते पटत नाही. मोजता येत नाही असं म्हणणं सोयीचं असतं. त्या आडोशाने आमच्या विषयात वर्षानुवर्षं ‘टीपा लिहा, कोणत्याही दोन’ चालत आलं. उलट या तक्त्यांचं एक श्रेय मी देईन. प्रश्न सीओला बांधायची सक्ती झाली तेव्हाच जुन्या प्रश्नपत्रिका ओळीने मांडल्या गेल्या, आणि दिसलं की ‘मूल्यमापन करा’ असं शेपूट लावलेले निम्मे प्रश्न प्रत्यक्षात पाठांतराचे होते. देकार्तचा संशयवाद स्पष्ट करून त्याचे मूल्यमापन करा. मूल्यमापन म्हणजे गाइडमधले शेवटचे चार आक्षेप. तेही क्रमाने.

शिवाय ज्या परंपरेचं नाव घेऊन आपण ‘मोजता येत नाही’ म्हणतो, ती परंपरा मोजण्यात अजिबात मागे नव्हती. मिथिलेत शलाका परीक्षा असे. पोथीच्या पानांत शलाका खुपसायची, ती ज्या पानावर थांबेल ते पान विद्यार्थ्याने समजावून सांगायचं. वासुदेव सार्वभौम अशीच परीक्षा देऊन तिथून बंगालात न्यायशास्त्र घेऊन गेला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवा, युक्ती बघा: कुठलं पान निघेल ते ना गुरूला माहीत ना शिष्याला. ‘आयएमपी’ काढायची सोयच नाही.

आणि त्याहून कामाची गोष्ट गौतमाच्या न्यायसूत्रांत शेवटच्या अध्यायात पडून आहे. निग्रहस्थानं, म्हणजे वादात माणूस नेमका कुठे हरला हे ठरवायच्या जागा. २२ आहेत. आजकाल कार्यशाळांतून रुब्रिक, रुब्रिक म्हणून (कशाला किती गुण याचे निकष) जे शिकवतात ते इथे तयार आहे, आणि बरंच तिखट आहे. अडचण आली की मूळ विधानच सोडून देणं, हा प्रतिज्ञासंन्यास. हेतूला धक्का बसला की गुपचूप त्याला एक विशेषण जोडणं, हे हेत्वंतर. विचारलं एक आणि सांगितलं भलतंच, हे अर्थांतर. तेच पुन्हा, हे पुनरुक्त. सप्लिमेंट लावलेल्या पेपरांत हटकून सापडतं. स्वतःवरचा आरोप न खोडता ‘तुमच्याकडे तरी काय वेगळं आहे’ म्हणणं, ही मतानुज्ञा, आणि रात्री नऊच्या टीव्हीवरच्या चर्चा हिच्यावर चालतात. माझं सगळ्यात आवडतं अननुभाषण. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी ज्याला ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता येत नाही तो हरला. उत्तर देता आलं नाही म्हणून नव्हे. समोरच्याचं म्हणणं धड सांगताही आलं नाही म्हणून.

हे मी वर्गात वापरून बघते. सगळ्या २२ नाही, पाचसहा. शेवटच्या वर्षाच्या स्पेशलला आठ-दहाच मुलं असतात, त्यामुळे चालतं. इंटर्नलला प्रत्येकाने एक लहान निबंध लिहायचा. मी त्यावर मार्क न देता एक आक्षेप लिहून परत देते. आठवड्याने दुसरा निबंध, आणि मग समोर बसवून दहा मिनिटं तोंडी. मार्क या तिन्हीच्या मधल्या अंतराला.

एकदा विषय होता, ज्ञान म्हणजे काय. एका मुलाने पहिला निबंध झकास लिहिला: ज्ञान म्हणजे समर्थन असलेली सत्य समजूत, तीन अटी, प्रत्येकीला उदाहरण. मी खाली लिहिलं, ‘एसटी स्टँडवरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलंय. नेमक्या दहा वाजून दहा मिनिटांनी एकाने त्यात बघितलं. त्याला वेळ माहीत झाली का?’ बंद घड्याळाचं हे उदाहरण रसेलचं, स्टँड माझं. (याच जातीचा आक्षेप एडमंड गेटिअरने १९६३ मध्ये तीन पानांत मांडला आणि अडीच हजार वर्षांची व्याख्या डळमळली. नोकरीत कायम व्हायला काहीतरी छापून यायला हवं म्हणून त्याने ते लिहिलं, असं सांगतात. आज एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठीचे, गुण मोजणाऱ्याने आधी विचारलं असतं, तीनच पानं?)

आठवड्याने तो समोर बसला.

‘‘मॅडम, घड्याळ बंद आहे हे त्याला कुठे माहीत होतं? मग त्याची काय चूक?’’

‘‘चूक आहे असं कोण म्हणालं? त्याला वेळ माहीत होती का, एवढंच सांग.’’

‘‘वेळ तर बरोबर सांगितली त्यानं.’’

‘‘मी काय विचारलं?’’

जरा वेळ पेन फिरवत बसला. मग म्हणाला, ‘‘नव्हती माहीत. मटका लागला त्याला.’’

‘‘मग तुझ्या तीन अटींचं काय?’’

‘‘तिन्ही बसतात, मॅडम. तेच तर अवघड आहे.’’

त्याचा दुसरा निबंध पहिल्यापेक्षा वाईट होता. म्हणजे दिसायला. चौथी अट घातली होती, समर्थन नीट तपासलेलं हवं. पुढच्या परिच्छेदात स्वतःच विचारलं होतं की तपासायला दुसरं घड्याळ बघायचं, मग त्या घड्याळाला कोण तपासणार. आणि शेवटी ‘याला शेवट दिसत नाही, पण रोज एसटी तर पकडतो आपण’ असं लिहून थांबला होता. खाडाखोड भरपूर. मॉडेल आन्सर लावलं तर पहिल्याला आठ, दुसऱ्याला पाच. शिकला मात्र तो या आठापासून पाचापर्यंतच्या प्रवासात, आणि आमच्या विषयात हे वरचेवर होतं. नीटनेटकं उत्तर मोडतं, मधे काही काळ सगळा राडा असतो, आणि नेमक्या त्या राड्याच्या वेळी परीक्षा येते.

त्याने तो सत्राअखेरचा फॉर्मही भरला. ‘ज्ञानविषयक सिद्धांतांचे मूल्यमापन मला करता येते’ यापुढे त्याने ‘काही अंशी’वर खूण केली. मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याने पूर्ण सत्रात एकदाही तोंड उघडलं नव्हतं, ‘पूर्णपणे’वर केली. दोघेही प्रामाणिक होते. पण आकड्यात ज्याला कमी कळलं त्याने सरासरी वर नेली आणि ज्याला कळलं त्याने खाली खेचली. इतर विषयांत हा फॉर्म कदाचित निरुपद्रवी असेल. आमच्याकडे त्या २० टक्क्यांची दिशाच उलटी असण्याची शक्यता आहे, आणि हे ‘मला कळत नाही एवढंच मला कळतं’ म्हणणाऱ्या सॉक्रेटिसवर दोन क्रेडिट शिकवणाऱ्यांना सांगावं लागू नये.

दुसरी एक गोष्ट इतकी साधी आहे की ती सुटून जाते. साध्य किती झालं हे सांगायचं तर सुरुवात कुठून झाली ते माहीत हवं. आमच्याकडे अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेली काही मुलं येतात, सत्यतेचे तक्ते झरझर मांडतात. बाकीच्यांना हा विषय असतो हेच पहिल्या वर्षाला कळतं. काही जण यूपीएससीसाठी येतात. २०१३ पासून तिथे नीतिशास्त्राचा अडीचशे मार्कांचा पेपर आहे, तेव्हापासून आमच्या विषयाची जरा विचारपूस होते. ही सगळी एकाच आकड्यात ढवळली जातात. अमेरिकेत मायकल प्रिंझिंग आणि मायकल व्हास्केझ यांनी २०२५ मध्ये सहा लाखांहून जास्त पदवीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासून निष्कर्ष मांडला. जीआरईच्या (तिथल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) भाषेच्या भागात आणि कायद्याच्या प्रवेश परीक्षेत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी वर असतात हे पूर्वीच माहीत होतं. पण मुळात हुशार मुलंच तिकडे जातात की विषयामुळे ती घडतात, हे माहीत नव्हतं. त्यांनी कॉलेजात येतानाची तयारी हिशेबात धरली. ही मुलं येतानाच जरा पुढे होती, हे खरं निघालं. ती वजाबाकी करूनही फरक उरला, हेही खरं निघालं. मला त्यातला निकाल आवडला, उगाच कशाला लपवा. पण त्याहून हेवा वाटला तो पहिल्या वर्षाला भरून घेतलेल्या कागदांचा. आमच्याकडे पहिल्या वर्षाला विद्यार्थ्याकडून घेतात ते आधार कार्ड आणि जातीचा दाखला.

निबंध आणि तोंडीच्या माझ्या त्या प्रयोगाला उत्तर म्हणून मला नेहमी ऐकवलं जातं की आठ मुलांत हे ठीक आहे, शंभरात काय करशील. खरं आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रत्येकाला समोर बसवणं शक्य नाही, आणि निम्मे तास सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांच्या खांद्यावर. त्यांना दोन-दोन निबंध तपासायला सांगायचं तर कुठल्या तोंडाने? घरी लिहून आणायला सांगण्यात तर आता काही अर्थच उरलेला नाही. मोबाईलवर चॅटजीपीटी कांटचा निबंध चकाचक मराठीत लिहून देतं, त्यात अननुभाषण नाही, पुनरुक्तही कमीच. त्यामुळे मी मागणी छोटी केली. विद्यापीठाच्या पेपरात एकच प्रश्न असा असावा ज्यातला उतारा मुलांनी पूर्वी पाहिलेला नाही. दहा-बारा ओळींचा कुणाचाही युक्तिवाद, वर्तमानपत्रातल्या पत्रातला चालेल, चार्वाकाचा चालेल. त्यातलं मुख्य विधान कोणतं, त्याला आधार काय दिलाय, तो कुठे लंगडा पडतो, आणि लिहिणाऱ्याच्या बाजूने तुम्ही काय उत्तर द्याल.

यात नवीन काही नाही. फ्रान्समध्ये शालेय शिक्षण संपताना मुलं तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर देतात, २० गुणांचा. त्यात निबंधाचे दोन विषय असतात आणि तिसरा पर्याय एका उताऱ्याचा. उताऱ्याखाली छापलेलं असतं की लेखकाच्या मताची माहिती असणं आवश्यक नाही. ते वाक्य मी अभ्यास मंडळाच्या एका सदस्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘आवश्यक नाही? मग वर्षभर शिकवायचं काय?’’ प्रश्न चेष्टेचा नव्हता आणि मी तो चेष्टेवारी नेला नाही. शिकवायचं तेच, नैयायिक, बौद्ध, देकार्त, ह्यूम, सगळे. पण ज्याला ते अंगात भिनलंय त्याच्या हातात अनोळखी उतारा द्या आणि ज्याला फक्त पाठ आहे त्याच्या हातातही द्या, दहा मिनिटांत फरक दिसेल. एवढा एक प्रश्न सीओ ३ ला बांधला तर त्या रकान्यात येणारा आकडा, भले तो १.१ येवो, मी सही करताना वाचेन तरी.

बरीच चर्चा होऊन दहा गुणांचा एक प्रश्न प्रयोग म्हणून घ्यायचं तोंडी कबूल झालंय. सध्या गाडी अडलीय ती वेगळ्याच ठिकाणी. परीक्षा विभागाच्या नियमाप्रमाणे प्रश्नपत्रिकेबरोबर प्रत्येक प्रश्नाचं मॉडेल आन्सर सीलबंद द्यावं लागतं. मी तिथे उत्तराऐवजी सहा निग्रहस्थानं आणि प्रत्येकापुढे किती गुण कापायचे ते लिहून दिलं. ते परत आलंय, ‘कृपया उत्तर जोडावे’ असा शेरा मारून.